हॉट रॉडच्या लायटींसाठी फायबरचे पॉड कसे बनवायचे, गोव्याच्या पावसात टिकतील असे

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून आपल्या मनासारखी बनवलेली. आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. फायबर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेली काचेच्या धाग्यांची मॅट, थेट गाडीच्या पत्र्यावर चढवून बॉडीशी एकजीव करू नका. लायटीचा पॉड, म्हणजे लायट धरणारं कवच, वेगळा तुकडा म्हणून बनवा, बोल्टनं बसवा, हवा तेव्हा काढता आला पाहिजे. अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघितले तर ते मडगार्डवरच मॅट लावतात, पुट्टी फिरवतात, रंग मारतात आणि वर्षानुवर्षं काही होत नाही म्हणतात, तर तिथल्या कोरड्या हवेत नसेल होत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात समुद्राची खारी हवा, आणि पॉलिएस्टर रेझिनची पत्र्यावर पकड मुळातच कमी. उन्हात फायबर पत्र्यापेक्षा जास्त पसरतं, रात्री आकसतं, मग जोडावर केसाएवढी चीर पडते, तिथून पाणी शिरतं आणि आतल्या आत पत्रा खायला लागतं. वरून काहीच दिसत नाही. रंगाला फुगा येतो तेव्हा कळतं, तोवर खाली चाळण झालेली असते.

आता जुन्या हॉट रॉडवाल्यांनी हे केलं कसं, तर फायबरनं नाहीच केलं. १९४०-५० च्या काळात हेडलाइट मडगार्डच्या आत ढकलून बसवायची फॅशन आली, फ्रेंचिंग म्हणतात त्याला, तेव्हा पत्रा वेल्ड करून जोडावर शिसं वितळवून भरायचे. फायबर आणि पुट्टी नंतर आली. शिशाचं काम करणारा टिंकर आता आपल्याकडे शोधून सापडणार नाही, आणि शिशाचा धूर घेत बसायची हौस कोणाला असेल असं वाटत नाही, त्यामुळे फायबरच बरं.

उदाहरण म्हणून मी इथं मागच्या मडगार्डवरच्या टेललाइटचा पॉड धरतो, थेंबाच्या आकाराचा, १९३९ च्या फोर्डच्या टेललाइटसारखा, कारण हॉट रॉड म्हटलं की सगळ्यांना तोच हवा असतो. खाली गाडी अँबॅसिडर असो, पद्मिनी असो, नाहीतर जुन्या जीपच्या चासीवर बांधलेलं काहीतरी असो, पद्धत तीच. हेडलाइटचं वेगळं काय ते नंतर सांगतो.

आधी लायट हातात घ्या

बरेच जण आधी आकार ठरवतात, थर्माकोल कापतात, मस्त शेप येतो आणि मग त्यात बसेल अशी लायट शोधत म्हापसा ते मडगाव फिरतात. उलटं करा. लायट विकत आणा, तीही दोन नाही तीन, एक स्पेअर, कारण पाच वर्षांनी तेच मॉडेल मिळेल याची खात्री नाही आणि तुमचा पॉड त्याच एका लायटीच्या मापाचा असणार. ट्रक-ट्रेलरला लागणाऱ्या गोल एलईडी लायटी असतात रबरी रिंगमध्ये बसणाऱ्या, त्या पॉडसाठी एकदम सोयीच्या, पाठीमागून ढकलायची, रिंग धरून ठेवते, बदलायची झाली तर दोन मिनिटांचं काम. बल्बवाली घेणार असाल तर ब्रेकचा फिलामेंट २१ वॅटचा असतो, तो तापतो, साध्या जीपी (जनरल पर्पज) रेझिनचं फायबर साठ-सत्तर डिग्रीच्या पुढं मऊ पडायला लागतं, तर बल्बच्या आजूबाजूला मोकळी जागा ठेवावी लागेल. म्हणून मी एलईडीच घ्या म्हणतो. जुना लुक हवा असेल तर लेन्स जुन्या पद्धतीची आणि आत एलईडी.

लेन्स घरी रेझिनमध्ये लाल रंग घालून बनवायचा उद्योग करू नका. दिसते छान, पण उन्हात पिवळी पडते आणि प्रकाश नीट पसरत नाही. मागची लाल लायट १५५ मीटरवरून दिसली पाहिजे असं मोटार वाहन नियमात आहे, घरची लेन्स तिथं मार खाते. बाहेरून मागवत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा, अमेरिकन जुन्या टेललाइटमध्ये इंडिकेटरही लालच असतो, आपल्याकडे तो पिवळा-नारिंगी लागतो. म्हणजे पॉडमध्ये इंडिकेटरची जागा वेगळी करायची किंवा खाली बंपरवर वेगळा लावायचा, हे आत्ताच ठरवा.

आणि कायद्याचं आलंच आहे तर तेही. कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत चालणार नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल जानेवारी २०१९ मध्ये आला आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. गाडी रस्त्यावर फिरवायची असेल तर आरटीओत आधी विचारून घ्या, फक्त शोला ट्रेलरवरून न्यायची असेल तर गोष्ट वेगळी. बोल्टवाल्या पॉडचा इथंही फायदा आहे, काढून मूळची लायट परत बसवता येते, मूळ लायटीची भोकं बुजवू नका म्हणजे झालं.

सामान

रेझिन जिथं होडीवाले घेतात तिथून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात छोट्या डब्यात मिळतं ते बरेचदा किती जुनं आहे ते कळत नाही, महाग पण पडतं. मालीम जेटीकडे किंवा दक्षिणेत कुटबणला ट्रॉलर आणि फायबरच्या होड्यांची दुरुस्ती कायम चाललेली असते, तिथल्या फायबरच्या कामगारांना विचारलं की माल कुठून येतो ते सांगतात. आणि नुसतं सामान विचारून परत येऊ नका, तासभर उभं राहून त्यांचं हात चालवणं बघा. आपण गाडीवाले उगाच नाजूक नाजूक करतो, ते लोक ब्रश कसा ठोकतात ते बघितलं की अर्धं काम समजतं.

रेझिन दोन प्रकारचं बघायला मिळेल, साधं जीपी आणि आयसो. आयसो पाण्याला जास्त टिकतं, थोडं महाग असतं, पॉडला लागतं किती, दोन-तीन किलो, आयसोच घ्या. मॅट ४५० ग्रॅमची, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची, आणि कोपऱ्यांसाठी थोडी ३०० ची. पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी रेझिन वापरणार असाल तर ही मॅट घेऊ नका, मॅटमधले धागे धरून ठेवणारा जो बाइंडर असतो तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिननं विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच कडक राहतो आणि मॅट वळणावर बसतच नाही. इपॉक्सीला विणलेलं कापड लागतं.

बाकी ॲसिटोन, स्वस्तातले ब्रश भरपूर, छोटा खाचांचा रोलर, मापाला बिनसुईची सिरिंज, छोटा वजनकाटा, चॉकलेटी पॅकिंग टेप, मास्किंग टेप, मेणाचं पॉलिश, ग्लू गन, आणि ताणली जाणारी फ्लीस किंवा जुना लायक्राचा टी-शर्ट. पॉलिश पेपर ८० पासून ४०० पर्यंत.

मास्क रंगकामाचा घ्या, काडतूसवाला. कापडी मास्कनं स्टायरिनचा वास अडत नाही. घासताना धुळीसाठी एन९५ चालेल. चष्मा पाहिजेच पाहिजे, हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं पाण्यानं धूत राहायचं आणि सरळ दवाखाना. काम बाल्कांवात, म्हणजे घराच्या पुढच्या ओट्यावर, करू नका, वास दोन दिवस घरात राहतो आणि घरचे तुम्हाला बाहेर काढतील, देवघरातला दिवा चालू असताना तर ॲसिटोनचा डबा घरात उघडायचाच नाही. मागच्या अंगणात शेड असेल तर उत्तम.

कोबाल्ट आणि हार्डनर, हे नीट वाचा

दुकानात रेझिनबरोबर दोन बाटल्या देतात. एक जांभळट निळी, ती कोबाल्ट म्हणजे ॲक्सिलरेटर. दुसरी पाण्यासारखी, ती हार्डनर. या दोन्ही एकमेकांत कधी, म्हणजे कधीच, थेट मिसळायच्या नाहीत. आग लागते, स्फोटसुद्धा होतो. एकच सिरिंज दोन्हीला वापरायची नाही, एका बाटलीचं झाकण दुसरीला लावायचं नाही, दोन्ही बाटल्या शेजारी ठेवायच्या नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण घोळवून घ्यायचं, सगळ्या बादलीला एकसारखा रंग आला की मग त्यातलं लागेल तेवढं मगात काढून त्यात हार्डनर. दुकानदाराला विचारा, बरंच रेझिन कोबाल्ट घालूनच येतं, रंग गुलाबीसर दिसतो, मग ती बाटली घेऊच नका, भानगडच नको.

प्रमाण, शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन मिली हार्डनर. एप्रिल-मेमध्ये एकच्या जवळ, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी दीडपर्यंत जा. एकच्या खाली जायचं नाही, लोकांना वाटतं कमी घातलं की जास्त वेळ मिळेल, वेळ मिळतो पण ते फायबर पुढं कधीच पूर्ण कडक होत नाही, महिन्यानं नख रुततं. जास्त वेळ हवा असेल तर सकाळी सातला काम करा आणि एका वेळी दोनशे ग्रॅमच कालवा. मोठा मग भरून कालवला तर मध्ये उष्णता साठते, धूर येतो, प्लास्टिकचा मग वितळतो. उरलेलं रेझिन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, बाहेर वाळूवर पातळ पसरून ठेवा, कडक आणि गार झालं की मग टाका. हार्डनर पुसलेल्या चिंध्याही गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका, पाण्यात भिजवून मग फेका.

रेझिन जेल होण्याचा क्षण ओळखायला शिका. कालवल्यावर पंधरा-वीस मिनिटं ते मधासारखं सरळ वाहतं, काहीच झालं नाही असं वाटतं, मग अचानक ब्रशच्या टोकाला धागा लांबतो, मगाच्या कडेला जेलीसारखी गाठ दिसते. त्या क्षणी थांबायचं. आणखी एक हात फिरवतो म्हणून ब्रश लावलात की खालची मॅट उचलून येते, सुरकुती पडते, आणि ती सुरकुती नंतर ग्राइंडरनंच जाते.

पायाचा तुकडा

मडगार्डवर पॉड जिथं बसणार तिथली जागा आणि आजूबाजूला वीतभर मास्किंग टेपनं झाका. त्याच्यावर चॉकलेटी पॅकिंग टेप, पट्ट्या एकमेकांवर थोड्या चढवून. पॉलिएस्टर या टेपला धरत नाही. वर मेणाचं पॉलिश दोन हात. बाकीची गाडी प्लास्टिकनं झाका, रेझिनचा थेंब काचेवर पडला तर ब्लेडनं निघतो, रंगावर पडला तर रंग घेऊन निघतो.

आता टेपवर दोन थर ४५० ची मॅट. मॅट कात्रीनं कापण्याऐवजी कडा हातानं फाडा, फाटलेली कड पुढच्या थरात मिसळून जाते, कापलेली कड वरून रेष दाखवते. रेझिन किती लागेल ते मॅटच्या वजनावरून काढायचं, मॅटच्या दोन ते अडीच पट. म्हणजे मॅटचे तुकडे १२० ग्रॅम भरले तर रेझिन अडीचशे ते तीनशे. आधी टेपवर ब्रशनं रेझिन, मग मॅट ठेवायची, मग वरून थोडं थोडं. मॅट पोह्यांसारखी भिजली पाहिजे, ओली पण पाण्यात तरंगणारी नाही. ब्रश ओढायचा नाही, उभा धरून ठोकत जायचं. पांढरा भाग पारदर्शक झाला म्हणजे भिजला. पांढरे ठिपके राहिले ती हवा, रोलर मधून कडेकडे फिरवून बाहेर काढा.

दुसऱ्या दिवशी हा पापुद्रा प्लास्टिकच्या पाचरीनं हळू हळू सोडवा. तुमच्या मडगार्डच्या वळणाला तंतोतंत बसणारा पाया मिळाला. बाजारातला कुठलाही रेडिमेड पॉड असा बसत नाही, आपल्या गाड्यांची दोन मडगार्डं पण एकमेकांसारखी नसतात, ठोकून ठोकून टिंकरनं एक डावीकडे फुगवलेलं असतं.

रिंग, कापड आणि आकार

लायटीच्या रबरी रिंगच्या मापाची एक रिंग करा, पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून किंवा प्लायमधून. ती पायावर काठ्या आणि ग्लू गननं उभी करायची, जिथं लायट येणार तिथं, त्या कोनात. गाडी सपाट जागी असू दे, टायरमध्ये हवा सारखी, आणि जमिनीपासून रिंगच्या मध्याची उंची दोन्हीकडे मोजा. कोन नजरेनं ठरवू नका, रिंगवर फळी ठेवून तिला गुण्या लावा. लायट थोडी जरी वर आभाळाकडे बघत असली तर मागच्याला ती फिकी दिसते.

आता फ्लीस ताणायची. रिंगपासून पायाच्या कडेपर्यंत, मध्ये कुठंच सुरकुती नको, फेविक्विकनं कडा धरवत चला. कापड आपोआप दोन टोकांमधला सगळ्यात सरळ रस्ता घेतं, त्यामुळे हा आकार थोडा आत ओढल्यासारखा, कमरेला बारीक येतो. थेंबाला पोट हवं, तर कापडाच्या आत स्प्रे फोम भरून कानस आणि ब्लेडनं शेप द्या आणि मग कापड चढवा. थर्माकोल भरलात तर रेझिन लागल्याबरोबर तो विरघळून खड्डा पडेल, पीयू फोमला तसं होत नाही. थर्माकोलच वापरायचा असेल तर त्यावर पूर्ण टेप मारा, एक बोट जागा उघडी राहिली नाही पाहिजे.

आकाराची नजर ही वेगळी गोष्ट आहे, ती सगळ्यांना नसते. तुमच्या वाड्यावर दिवाळीला नरकासुराचे पुतळे बांधणारी पोरं असतील ना, त्यातला जो तोंड करतो त्याला बोलवा. काठ्या, तार आणि कागदावर ज्याला गाल फुगवता येतो त्याला टेललाइटचं पोट दहा मिनिटांत जमतं. गणपतीच्या चित्रशाळेत हात फिरवलेला कोणी असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बोलवू नका, मिळणार नाही.

डावा-उजवा हा घोळ इथंच होतो. पुष्कळांना वाटतं एका पॉडचा साचा काढला की दोन्ही बाजूंचे त्यातूनच निघतील. पॉडच्या मधून उभी रेघ मारली आणि दोन्ही अर्धे सारखे असले तरच निघतात. मडगार्ड बाहेरच्या बाजूला उतरतं असलं की डाव्याचा उजवा आरशातला होतो, साचा चालत नाही. त्यामुळे दोन्ही वेगळे करायचे, पण पुठ्ठ्याचे दोन-तीन टेम्पलेट डाव्यावरून कापून उलटे करून उजव्यावर लावत जायचं. पुठ्ठा आणि कापड यांच्यामध्ये उजेड दिसला की तिथं फोम वाढवा.

कापडावर पहिला रेझिनचा हात भरपूर द्या, कापड पितं. कडक झालं की पॉड काढून घ्या, मग आतून काठ्या आणि फोम खरवडून टाका आणि आतल्या बाजूनं मॅटचे तीन थर द्या, ४५० च्या तीन थरांची जाडी साधारण तीन मिलिमीटर येते, तेवढी पुरते. जिथं पाया आणि भिंत मिळते तो कोपरा काटकोनी ठेवू नका. मॅट काटकोनात बसत नाही, मागे पोकळ राहते आणि नेमकी तिथंच चीर जाते. रेझिनमध्ये टाल्क पावडर आणि मॅटचे बारीक कापलेले धागे घालून लापशी करा आणि कोपरा बोटानं गोल भरा, हातमोजा घालून. पहिला थर चिकट असतानाच दुसरा द्यायचा, हवेच्या बाजूनं पॉलिएस्टर थोडं चिकटच राहतं आणि ते आपल्या फायद्याचं आहे. दोन-चार दिवस मध्ये गेले तर ८० च्या पेपरनं घासून मगच पुढचा थर. पायाची खालची टेपकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत आलेली असते, तिथं काही जोडायचं असेल तर तीही घासायचीच.

बोल्टची सोय या थरांमध्येच करायची. एम६ चा नट छोट्या पट्टीला वेल्ड करा, पट्टीला चार-पाच भोकं पाडा, आणि ती दोन थरांच्या मध्ये गाडा, भोकांतून रेझिन आरपार गेलं की ती फिरत नाही. नटमध्ये ग्रीस लावलेला बोल्ट ठेवा म्हणजे आट्यात रेझिन जाणार नाही. पॉडला तीन बोल्ट पुरतात.

मान्सूनमध्ये हे काम करायचंच नाही असं नाही पण करू नका. मॅट हवेतली ओल पिते, भिजवली तरी पांढुरकी राहते. ऑक्टोबरनंतर करा. उरलेली मॅट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि वापरायच्या आधी तासभर उन्हात.

घासणं, पुट्टी, रंग

यात सांगण्यासारखं फार नाही, मेहनत आहे. ८० नं उंचवटे काढा, पुट्टी पातळ पातळ, १८०, ३२०, मग टू-के प्रायमर (हार्डनर मिसळून मारायचा), ४०० वॉटर पेपर, रंग. पुट्टीनं आकार घडवत बसू नका, दोन मिलिमीटरच्या वर पुट्टी लागत असेल तर फायबरच कमी आहे. घासताना अंगाला खाज सुटते, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हाताला टाल्कम पावडर, आणि झाल्यावर आधी गार पाण्यानं आंघोळ, गरम पाण्यानं नाही.

एक मात्र, रंगाची घाई करू नका. प्रायमर मारून पॉड आठवडाभर उन्हात टाका. पॉलिएस्टर आकसत राहतं, ते आकसणं रंगाच्या आधी झालं पाहिजे, नाहीतर चकचकीत रंगाखाली मॅटच्या धाग्यांची नक्षी उमटते. काळ्या रंगात तर हमखास, काळा जास्त तापतो आणि सगळं दाखवतो.

अर्थिंग

लायट बसवली, वायर जोडली, लागत नाही. किंवा लागते पण मंद. किंवा इंडिकेटर टाकला की टेललाइट लुकलुकते आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर उजळतो. फायबरच्या पॉडमधल्या लायटींची ही नेहमीची तक्रार आणि कारण एकच. जुन्या गाड्यांत लायटीचा अर्थ बॉडीच्या पत्र्यातूनच मिळतो, होल्डर पत्र्याला कसला की झालं. फायबरमधून वीज जात नाही. मग करंट परतीचा रस्ता शोधत दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा फिरतो आणि भुताटकी झाल्यासारखे दिवे लागतात. प्रत्येक लायटीला वेगळी काळी वायर द्या आणि ती थेट चासीला, रंग घासून, दातेरी वॉशर लावून, वर ग्रीस. पॉडच्या बोल्टवर अर्थ घेऊ नका, त्याचा नट उद्या गंजणार.

पूर्ण फायबर बॉडीच्या गाड्या आपल्या देशात होत्याच, ८० च्या दशकातली बेंगळुरूची सिपानी डॉल्फिन आठवत असेल काहींना, अशा गाडीचं वायरिंग करायची पद्धत हीच.

एलईडी लावली आणि इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागला तर घाबरू नका, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर जुना आहे, त्याला २१ वॅटचा भार हवा असतो. एलईडीचा फ्लॅशर टाका.

बसवणं

पॉड आणि मडगार्ड यांच्यामध्ये मडगार्डची रबरी बीडिंग घाला, जुन्या गाड्यांना असते तीच. फटही झाकते, कुरकूरही थांबते आणि दिसतंही त्या काळातलं. पत्र्याच्या भोकांच्या कडांना इपॉक्सी प्रायमर, बोल्ट स्टेनलेस, खाली नायलॉनचा वॉशर म्हणजे स्टेनलेस आणि पत्रा थेट टेकणार नाहीत, आणि फायबरच्या बाजूला मोठा वॉशर. पान्यानं जीव लावून कसू नका, बीडिंग थोडी दबली की पुरे. फायबरला भोक पाडताना वर मास्किंग टेप लावा आणि ड्रिल आधी उलटं फिरवून खूण करा, रंगाचा टवका उडत नाही. वायर जाते तिथं रबरी ग्रॉमेट.

पॉडच्या सगळ्यात खालच्या जागी सहा-आठ मिलिमीटरचं भोक ठेवायचं, पाणी निघायला. पूर्ण सील करतो म्हणाल तर आपल्या हवेत आतच दव धरतं. भोक चाकाच्या चिखलाच्या सरळ रेषेत नको, मागच्या बाजूला.

हेडलाइटला हेच सगळं, फक्त चार गोष्टी जास्त. सात इंची गोल हेडलाइट घ्या, जीप, अँबॅसिडर, बुलेट सगळ्यांना तीच, कुठल्याही गावात मिळते. पत्र्याची मूळ वाटी फेकू नका, पॉड त्या वाटीभोवती बांधा, कारण लायट वर-खाली आणि आजूबाजूला करायचे स्क्रू त्या वाटीवर असतात. ते स्क्रू पॉड न काढता फिरवता आले पाहिजेत, त्यासाठी पुढच्या रिंगला जागा सोडा. हॅलोजन एच४ असेल तर ६०/५५ वॅट, वाटीच्या मागे दोन बोटं मोकळी आणि हवेला वाट हवी, वायर रिलेवरून. आणि अमेरिकेतून मागवलेली हॉट रॉडची हेडलाइट लावू नका, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, लो बीम उजवीकडे वर उचललेला असतो, आपल्याकडे तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. लायट आपल्याकडची घ्या, लुक पॉडनं द्या.

सेटिंगला गाडी भिंतीपासून २५ फुटांवर सपाट उभी करा, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर टेपनं मारा, लो बीमची वरची कड त्याच्या दोन इंच खाली आली पाहिजे. हे गाडीत माणसं बसवून करा, रॉड हलका असतो, मागे दोघं बसले की नाक वर जातं.

सगळं झाल्यावर पाण्याचा पाइप घेऊन दहा मिनिटं मारा, खालच्या भोकातून पाणी येतं का बघा, मग अंधारात कोणालातरी मागे उभं करून ब्रेक, इंडिकेटर, टेल एकेक करून आणि मग सगळं एकदम लावून बघा. शे-दीडशे किलोमीटर फिरवल्यावर बोल्ट एकदा हातानं तपासा, बीडिंग बसली की ते थोडे सैल होतात. आणि पहिला पावसाळा संपला की दसरा-दिवाळीच्या मधे कधीतरी दोन्ही पॉड उतरवा, भोकात अडकलेली माती काढा, खालचा पत्रा कोरड्या फडक्यानं पुसा, कुठं तांबूस दिसलं तर तेवढंच घासून प्रायमर मारा आणि नवीन ग्रीस लावून परत बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.